इंफाळात पेरलेला जोंधळा

नाताळची चांदणी अजून ओट्यावर लोंबते आहे. ती काढायला सुनेला सवड नाही आणि मला स्टुलावर चढायला बंदी आहे. तेवढ्यात रस्त्याकडेला पाट्या लागल्यासुद्धा. 'हुरडा पार्टी. फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय.' नगरहून पुण्याकडे निघालं की दोन्ही अंगाला मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, झोपाळे आणि एका ठिकाणी तर चक्क उंट. हुरडा खायला उंट कशाला लागतो हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. पण गर्दी होते म्हणे. पोरं उंटावर बसतात, बायका फोटो काढून घेतात, आणि हुरडा कागदी द्रोणात, चमच्यानं खातात. चमच्यानं!

मी काही रागावलेला म्हातारा नाही. म्हणजे आहे, पण या बाबतीत नाही. लोकांनी हुरडा कसाही खावा. माझी अडचण वेगळीच आहे. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस खुपसल्यावर जो एक वास सुटतो, थोडा धुराचा, थोडा दुधाचा, तो आला की लोकांना आपलं गाव आठवतं, शेत आठवतं. मला इंफाळ आठवतं. आणि गंमत अशी की इंफाळात मी हुरड्याचा दाणा पाहिला नाही. एका पावसाळ्यात आम्ही दोघं तिथं त्याची नुसती वाट पाहत बसलो होतो.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि सोपान.

सोपान पाथर्डीच्या पुढच्या एका गावचा. त्या बाजूला पाऊस आला तर आला, नाही तर नाही. पाठोपाठ दोन सालं तो आला नाही, तेव्हा पलटणीत दोन्ही वेळा पोटाला मिळतं एवढं ऐकून सोपान भरती झाला. हिटलर कोण, जपान कुठं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मी शाळामास्तरचा मुलगा. वडिलांना वाटे मी पाळक व्हावं, प्रार्थना चालवाव्यात. मला भीती वाटे ती प्रवचनाची, रक्ताची नाही. म्हणून मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायला शिकलो, आणि लढाई लागल्यावर त्याच कामावर सैन्यात गेलो. आमची तुकडी लढणाऱ्यांची नव्हती. जखमींना उचलून आणायचं आणि मलमपट्टी करायची, एवढंच काम. सोपान उचलून आणणाऱ्यांत, मी पट्टी बांधणाऱ्यांत.

पण पहिली भेट त्याच्याही आधीची, नगर स्टेशनातून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीतली. समोर बसलेल्या उंच, काटकुळ्या पोरानं मला विचारलं, "कोन गावचा?" मी सांगितलं. "नाव?" मी म्हणालो, "शमुवेल."

"म्हंजी किरिस्तावाचा व्हय?"

"हो."

त्यानं थोडा विचार केला. मग फडकं सोडलं, बाजरीची भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली. पुढे केली म्हणजे माझ्या ओंजळीच्या वीतभर वर धरली आणि सोडून दिली. भाकरी ओंजळीत पडली. वर ठेच्याचा गोळा पडला, तोही वरूनच. यात त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. द्यायचं ते असं द्यायचं, हे तो आईच्या कडेवर असल्यापासून बघत आला होता. आणि मीही ओंजळ आपसूक खाली धरली होती, कारण घ्यायचं ते असं घ्यायचं हे मी पाहिलेलं होतं. माझे आजोबा ख्रिस्ती झाले त्याआधी गावकुसाबाहेर राहत होते, आणि झाल्यावरही तिथेच राहिले. दारावर क्रूस आला, दार तिथंच.

भाकरी मात्र फार चांगली होती. भूक लागलेल्या माणसाला ती कुठून पडली हे फारसं कळत नाही.

इंफाळ हे शहर आहे असं आम्हाला सांगितलं होतं, आणि होतंही एके काळी. राजवाडा होता, बायकांचा मोठा बाजार होता, तळी होती, बांबूची बनं होती. आम्ही पोचलो तेव्हा बाँबच्या भीतीनं निम्मं शहर रानात पळालेलं. चारी बाजूंना डोंगर आणि मध्ये सपाट हिरवी जमीन, परातीसारखी. काही दिवसांत कळलं की परातीच्या काठावर सगळीकडे जपानी बसले आहेत. रस्ता तुटला. आता माणूस यायचा तो आभाळातून आणि जायचाही तिकडूनच. पीठ आभाळातून, औषध आभाळातून, मीठसुद्धा. छत्रीला बांधलेली पेटी खाली येताना दिसली की आम्ही सगळे माना वर करून उभे. कधी छत्री भलत्याच डोंगरावर जायची. तिकडे जपानी आमच्या पिठाच्या पोळ्या लाटत असतील म्हणून सोपान शिव्या घालायचा. त्यांना पोळ्या येत नाहीत असं सांगितलं की त्याला आणखीच वाईट वाटायचं.

मग शिधा अर्ध्यावर आला. अर्धा म्हणजे ताटात दिसायला अर्धा, पोटाला पावशेर. वाळवलेल्या बटाट्याचे काप, डब्यातलं कसलंसं मांस, मूठभर भात. हिवतापाच्या गोळ्यांनी सगळ्यांची कातडी पिवळी पडलेली. एरवी आमच्या तुकडीत हिंदूंचा लंगर, म्हणजे भटारखाना, वेगळा, मुसलमानांचा वेगळा, आणि आम्हा दोघातिघा ख्रिस्त्यांनी कुठं बसावं याचा कोणालाच पत्ता नसायचा. वेढा पडल्यावर सरपण पुरेना, म्हणून एकच चूल राहिली. आमचा कोकणातला लंगरी कोंड्याचा मांडा करण्यात वस्ताद होता. पण आधी कोंडा तरी हवा ना!

या भुकेत एका दुपारी सोपाननं आपल्या पिशवीच्या तळातून एक पुरचुंडी काढली. निघताना आईनं दिलेली. त्यांच्याकडे खळ्यावर रास पुजली की राशीतली पहिली मूठ बाजूला काढतात, ती पुढच्या पेरणीत मिसळायची. त्या मुठीतले थोडे दाणे आईनं पोराच्या पिशवीत बांधले होते. का, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. जोंधळा. मालदांडी. मोत्यासारखा वगैरे म्हणण्याची पद्धत आहे, पण मी त्या दिवशी मोती नाही पाहिले. मी दोन माणसांची पातळ कण्यांची पेज पाहिली.

"पाणी ठेवू का?" मी विचारलं.

"खुळा का काय! बी हाय हे."

"मग?"

"बी खाल्लं की फुडचं साल खाल्लं. आमच्याकडं मान्सं उपाशी मेली, पर बी न्हाई खाल्लं."

"इथं पुढचं साल कोणाला दिसणार आहे सोपान?"

त्यानं पुरचुंडी उचलली. मग आमच्या खंदकाच्या बाजूला टेकडीचा उतार होता, तिथं गेला, खंदक खणायच्या कुदळीनं भुई उकरली आणि ओळीनं दाणे टाकले. मी म्हणालो, "आता हे काय?"

"हुरडा खाऊ," तो म्हणाला.

शेतीतलं ज्याला कळतं तो इथवर वाचून हसला असेल. मालदांडी ही रब्बीची. पाऊस सरत आला की हस्ताच्या ओलीवर पेरायची आणि थंडीत, दवावर वाढवायची. आम्ही पेरली चैत्रात, पुढे सगळा पावसाळा उरावर असताना, आणि तोही मणिपूरचा. पण आम्ही दोघं कोरडवाहू मुलखातली माणसं. पाऊस कमी पडेल ही काळजी आम्हाला पाळण्यातच शिकवलेली. पाऊस जास्त होऊन पीक बिघडतं हे आमच्यापैकी कोणाच्या बापानं पाहिलेलं नव्हतं. सोपान तर पहिल्या सरीला हरखून गेला. "बघ गड्या, पानी बगायला नगं न् काय नगं. ह्या भुईत काठी रवली तर तिला बी कनीस यील!"

आणि तो जोंधळा असा माजला म्हणता! गुडघ्याला आला, कमरेला आला, डोक्यावरून गेला. पानं तलवारीएवढी, काळीभोर हिरवी. सोपान रोज सकाळी उठला की ताटावरून, म्हणजे जोंधळ्याच्या उभ्या धाटावरून, हात फिरवायचा. कणीस बाहेर पडायच्या आधी ताटाचा वरचा भाग फुगतो, त्याला पोटरी म्हणतात. ती कुठं लागते का ते तो बोटांनी चाचपून बघायचा. लागायची नाही. लंगरी यायचा, कमरेवर हात ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "गवत झकास वाढवलंत हो घाटी लोकांनी!" सोपान त्याच्या अंगावर धावून जायचा. बाजूच्या वस्तीतली एक म्हातारी लाकडं गोळा करायला येई. तीही त्या ताटांकडे बघून काहीतरी बोलून हसायची. तिची भाषा आम्हाला कळत नव्हती, हसू कळत होतं.

गोळे पडायला लागले की मात्र कोणी हसायचं नाही. खंदकात गुडघाभर पाणी, वरून पाऊस, आणि डोंगरावरून तो शिट्टीसारखा आवाज. मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणायचो, पण शब्द पुढे सरकायचे नाहीत. सोपान प्रार्थना वगैरे करायचा नाही. तो हुरड्याचं सांगायचा. माझ्या कानाशी तोंड आणून, ओरडून. "पयली आगटी खनायची. गवऱ्या वाळक्या पायजेत. कनीस लई कवळं नगं, लई निबार बी नगं. दाना दाबला की दूध न्हाई आलं पायजे, पर वलसर पायजे." धडाम! "मंग भाजल्यालं कनीस तळहातावर चोळायचं. हात भाजत्यात, पर सोडायचं न्हाई. मंग फुकर मारायची. भुसा उडाला की ऱ्हायला हुरडा. त्यो चोळनाऱ्यानं सोता न्हाई खायचा, म्होरच्याला द्यायचा." धडाम! "संगं काय काय लागतं, सांग."

"गूळ," मी म्हणायचो. दात वाजत असायचे.

"आजून?"

"लसणाची चटणी."

"आजून?"

"दही. बोरं."

यादी संपेपर्यंत गोळे थांबलेले असायचे, नाही तर आम्ही ती पहिल्यापासून सुरू करायचो. मी आजवर पुष्कळ धर्मग्रंथ वाचले. माणसाला जिवंत ठेवायला यादी पुरते, हे मला त्या चिखलात कळलं.

मग ज्येष्ठातल्या एका सकाळी सोपान स्ट्रेचर घेऊन उतार उतरत होता आणि गोळा फुटला. स्ट्रेचरवरच्या माणसाला काही झालं नाही. पुढच्यालाही नाही. दांडा धरलेल्या सोपानच्या हातांवर सगळं आलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली, डावा तळहात उकलला. तरी त्यानं दांडा सोडला नव्हता. माझ्यासमोर आणून उभा केला तेव्हा तो हातांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "शमू, आता पोटरी कशी चाचपायची रं?"

पट्टी मी बांधली. विमानातून आधी पोटात, छातीत लागलेल्यांना पाठवत. सोपानचा नंबर लागेना. दोन्ही हात मनगटापर्यंत गुंडाळलेले, आणि जेवायची वेळ झाली.

मी डबा घेऊन त्याच्यापुढे बसलो. भात कालवला. पहिला घास उचलला, आणि माझा हात अधांतरी थांबला. गाडीतली ओंजळ मला आठवली. त्यालाही आठवली असावी. घास वरून टाकण्याची सोय नव्हती. तो तोंडापर्यंत न्यायलाच हवा होता, आणि माझी बोटं त्याच्या ओठांना लागायलाच हवी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पावसाकडे. मग आ केला.

"बगतूस काय," घास गिळून तो म्हणाला, "हात चालीव. भूक लागली."

त्यानंतर तो महिनाभर माझ्याच हातानं जेवला. त्याच डब्यात मीही जेवायचो, एक घास त्याला, एक मला. मी माझा घास लहान करतो असा त्याला संशय यायचा, आणि खरंच मी करायचो. मग तो तोंड मिटून घ्यायचा आणि मी आधी खाल्ल्याशिवाय उघडायचा नाही. त्याला लहान मुलासारखं भरवताना मला हसू यायचं. त्या कुपोषित, पिवळ्या, चिखलानं बरबटलेल्या दिवसांत मी जितका आनंदात होतो तितका पुढे क्वचितच होतो. हे लिहिताना लाज वाटत नाही. माणसं मरत होती, शहर उजाड पडलं होतं, आणि मला एक सख्खा भाऊ मिळाला होता. दोन्ही खरं आहे.

आषाढाच्या तोंडाशी रस्ता मोकळा झाला. पहिल्या लॉऱ्या आल्या तेव्हा लोक नाचले. आम्हाला निघायचा हुकूम आला. लॉरीत चढण्याआधी सोपान उतारावर गेला, मी मागोमाग. जोंधळा आमच्या दोघांच्या डोक्यावर हातभर उंच उभा होता, हिरवागार, पावसानं निथळत. कणीस एकालाही नव्हतं. सोपाननं पट्ट्या बांधलेला हात एका ताटाला घासला आणि म्हणाला, "ऱ्हावा बाबांनो."

लॉरी वळेपर्यंत ती हिरवी ओळ दिसत होती.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. मनमाड मागे पडलं, जमीन ओळखीची व्हायला लागली, बोडकी, काळी, बाभळींची. कोणालाही आनंद व्हावा. मला भीती वाटत होती. गोळ्यांची वाटे तशी नव्हे, हळूहळू पाणी चढावं तशी. तिथं कोणी बघणारं नव्हतं. इथं प्रत्येक पारावर बघणारे बसलेले असतात. इथं सोपान सोपान राहील की पाटलाच्या भावकीतला होईल? आणि तो झाला तर मी त्याला काय म्हणू? इंफाळात जे वाचवलं ते पाथर्डीत मरेल, अशी माझी खात्रीच होत चालली होती.

नगर स्टेशनवर उतरल्यावर तो म्हणाला, "पुसात ये. हुरड्याला."

"येतो," मी म्हणालो. तो मनापासून म्हणतो आहे की म्हणायचं म्हणून, ते त्याच्या तोंडावरून मला कळलं नाही.

पौषात मी गेलो. सायकलवर, अर्धी वाट ढकलत. त्याच्या रानात आगटी पेटलेली होती, भोवती भावकीतली माणसं. त्याचे वडील, आबा, मोठ्या मिशांचे. मला पाहून उठले. "या, या, मास्तरांचं चिरंजीव. आमच्या सोपानाला तुमी लई संबाळलं." शब्दांत कसूर नव्हती. आणि मग बोरीखाली, आगटीपासून चांगलं लांब, एक पोतं अंथरलं. "बसा निवांत."

मी बसलो. कुणी मला अपमानित केलं नव्हतं. गाडीत सोपाननं तरी कुठं केलं होतं? आगटीपाशी सोपानचा चुलता कणसं चोळत होता आणि एकेकाच्या तळहातावर देत होता. सोपानला त्याची आई चोळून देणार होती, कारण त्याला ते आता कधीच जमणार नव्हतं. माझ्या वाटच्या हुरड्यासाठी पोत्यावर पळसाचं पान मांडलेलं होतं. त्यावर तो वरून पडणार हे मला माहीत होतं. मी पानाकडे बघत बसलो. पाऊस नव्हता, गोळे नव्हते, आभाळ निळंशार होतं, आणि मला त्या खंदकात परत जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात सोपानचा आवाज आला. "आये, तू नगं. शमू चोळंल."

सोपान उठला. त्यानं धोतराच्या सोग्यात गरम कणसं घेतली, दोन बोटांच्या हातानं आणि दुसऱ्या आखडलेल्या हातानं ती सावरत बोरीखाली आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. सगळ्यांकडे पाठ, माझ्याकडे तोंड.

"चोळ," तो म्हणाला.

मी कणीस तळहातावर घेतलं. ते इतकं गरम होतं की डोळ्यांत पाणी आलं, निदान मी तसं समजलो. चोळलं. फुंकर मारली. भुसा उडाला. हिरवे, टपोरे दाणे उरले. सोपाननं तो मोडका हात पुढे केला. आणि काय सांगू, माझी मूठ त्याच्या तळहाताच्या वीतभर वरच थांबली. मी ते दाणे वरून सोडले. ज्यानं महिनाभर त्याच्या तोंडात घास घातले होते त्याच हातानं. आबा बघत होते, चुलता बघत होता, आणि माझा हात माझ्या आजोबांचा झाला होता.

दाणे काही त्याच्या हातावर पडले, काही मातीत. सोपाननं मातीतल्या दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला नाही. हातातले दाणेही त्यानं मातीत सोडले.

"दुसरं चोळ," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "तिकडं चारायचास तसं." आणि त्यानं आ केला.

मी दुसरं कणीस चोळलं आणि त्याला भरवलं. माझी बोटं त्याच्या मिशीला लागली. तो सावकाश चावत राहिला. नंतर म्हणाला, "गूळ कुठं हाय?"

गूळ घेऊन त्याची आई आली. ती बोरीखाली येऊन उभी राहिली, पोराच्या हातांकडे, मग माझ्या हातांकडे बघत. "तिकडं बी असंच चारलंस?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं पदरानं डोळे पुसले, खाली बसली आणि गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला. टाकला नाही. तिची बोटं थंड होती.

आबा मात्र उठून बैलांकडे निघून गेले ते परत आले नाहीत. माझ्या हातचं त्यांनी मरेपर्यंत खाल्लं नाही. पण दरवर्षी पौषात निरोप यायचा तो त्यांच्याच नावानं, की मास्तरांच्या पोराला हुरड्याला बोलावलंय. माणूस एका खेपेला किती बदलतो याचा अंदाज मी तेव्हापासून माफक ठेवला आहे.

त्यानंतर एकही पौष चुकला नाही. सोपानचं लग्न झालं, माझं झालं. मी दवाखान्यात लागलो, म्हातारा होऊन सुटलो. सायकलची एस्टी झाली. आगटीपाशी माझी जागा ठरलेली, सोपान डाव्या हाताला. पहिली मूठ मी चोळायची आणि त्यानं खायची. मग भांडण. भांडणाचा विषय कधी बदलला नाही.

"आपल्या जोंधळ्याला कनीस आलं आसंल," सोपान सुरू करायचा.

"छे. नुसता कडबा झाला असेल. कोणाच्या तरी म्हशीनं खाल्ला असेल."

"आरं, थंडी पडली आसंल, दिस ल्हान झाला आसंल, मंग निसवला आसंल, कनीस भाईर पडलं आसंल. मालदांडी हाय ती. टायमाची वाट बगती."

"तेवढ्या पावसात मुळं कुजली असतील."

"कुजायला ते काय तुझं डोकं हाय?"

सोपानच्या घरच्या, आमच्या वहिनी, डोक्यावर पदर घेऊन गूळ-चटणी मांडत असायच्या आणि पदराआडून हसायच्या. शेतकी खात्यातल्या एका माणसाला मी एकदा हळूच विचारलं होतं. तो म्हणाला, दिवस लहान झाल्यावर निसवलाही असेल, सांगता येत नाही. सोपानला मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या पौषात आम्ही काय बोललो असतो?

गेल्या पावसाळ्यात सोपान गेला. पाऊस भरपूर होता, नको तितका. पाथर्डीकडे असा पाऊस मी पाहिलेला नाही. मातीला गेलो तेव्हा बांधाबांधांवर पाणी उभं होतं, आणि एवढं पाणी पाहून हा केवढा हरखला असता, एवढंच मनात येत होतं.

यंदा जाऊ नये असं ठरवलं होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी थट्टा आम्हीच एकमेकांची करत होतो. आता थट्टेला माणूस नाही. पण त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, आईनं सांगितलंय, आगटी पेटवायची न्हाई तुमी आल्याबिगर." मग काय, गेलो.

तीच बोर, तोच धूर. मी माझ्या जागी बसलो. भाजलेलं कणीस तळहातावर घेतलं, चोळलं, फुंकर मारली, आणि सवयीनं हात डावीकडे नेला. तिथं कोणी नव्हतं. मूठ तशीच थांबली. मागे घ्यावी तर जमेना, उघडावी तर कोणासाठी? दाणे हातात गार व्हायला लागले.

माझ्या मुठीखाली एक तळहात आला. सुरकुतलेला, हिरव्या बांगड्या काढून टाकलेल्या मनगटाचा. वहिनी उठून सोपानच्या जागी येऊन बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या आगटीपाशी बसल्याचं मला आठवत नाही. "द्या भावजी," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या तळहातावर मूठ टेकवली आणि सोडली. एकही दाणा खाली पडला नाही.

त्यांनी सावकाश चावून खाल्ला. मग आगटीकडे बघत म्हणाल्या, "तिकडल्याला कनीस आलं आसंल का वो?"

"आलं असणार वहिनी," मी म्हणालो. "थंडी पडली असेल, दिवस लहान झाला असेल. मालदांडी ती. वेळेची वाट बघते."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "जलमभर न्हाई म्हनलात की तुमी."

"हो," मी म्हणालो. "तो होता ना हो म्हणायला."